कॅम्पसाठी मोठं पातं कसं निवडावं: सुरा, कुकरी की आपला कोयता?

चार वर्षांपूर्वी भोरजवळ एका मित्राच्या मळ्यावर आमचा मुक्काम होता. चुलीसाठी मनगटाएवढी वाळकी सुबाभूळ तोडायला घेतली आणि चौथ्या घावाला पातं मुठीतून निसटून समोर जमिनीत रुतलं. तिथून पाच-सहा फुटांवर मित्राचा नऊ वर्षांचा मुलगा काटक्या गोळा करत होता.

तो सुरा मी ऑनलाइन मागवला होता. दहा इंचांचं चकचकीत पातं, पाठीवर करवतीसारखे दात, पोकळ मूठ आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र. घरी येऊन मूठ उघडली, तर पात्याची शेपटी जेमतेम दीड इंच आत गेलेली आणि एका नटावर अडकवलेली. त्यानंतर मी दोन सुरे, एक कुकरी आणि तीन कोयते वापरले, लोहाराच्या भट्टीशेजारी बसून एक कोयता घडवूनही घेतला. जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे. पहिलं मोठं पातं घेणाऱ्याने विकत घेण्याआधी हे वाचावं, एवढीच इच्छा.

१. कामं कागदावर लिहा

मुक्कामात मोठ्या पात्याला खरी कामं चार-पाचच असतात. वाळक्या फांद्या तोडून सरपण करणं, मनगटाएवढं लाकूड उभं फोडणं, तंबूच्या खुंट्या टोकदार करणं, बांबू तोडून चिरणं आणि बसण्याच्या जागेवरची काटेरी जाळी साफ करणं. कांदा चिरायला, दोरी कापायला, पाकीट फोडायला तीन-चार इंचांची छोटी सुरी लागते. ती वेगळी ठेवा. मोठ्या पात्याने बारीक काम करायला गेलं की बोट कापतं.

तीन इंचांपेक्षा जाड ओंडका असेल तर घडीची करवत घ्या. ते लाकूड पात्याने तोडता येतं, पण हात भरून येतात आणि थकलेल्या हातातलं पातं कुठेही जातं. शे-सव्वाशे घाव घालून जे होईल ते करवत दोन मिनिटांत करते. बऱ्याच जणांना मोठं पातं हवं असतं ते खरं तर करवत नसल्यामुळे. यादी लिहिल्यावर तुम्हाला आठ इंची कोयता आणि करवत पुरेल असं दिसलं, तर तिथेच थांबायला हरकत नाही.

२. कुठे नेणार, हे खरेदीच्या आधी ठरवा

ही पायरी लोक सगळ्यात शेवटी आठवतात आणि त्रास इथेच होतो.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या वर्गात धरली आहेत. त्यात सुरे आणि कुकरी यांची नावं आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे शेतीचा कोयता आणि दुधारी, खंजिरासारखा सुरा यांच्याकडे कायदा एकाच नजरेने पाहत नाही. माझा पहिला नियम यातूनच आला: पातं ९ इंचांच्या आत, धार एकाच बाजूला, रूप शेतीच्या अवजाराचं.

पण शेतीचं अवजारसुद्धा रात्री अकरा वाजता शहरात कमरेला लावून फिरलात तर ‘शेतीसाठी आहे’ हे कोणी ऐकणार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात शस्त्रं, सुरे, लाठ्या बाळगायला बंदी असते. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात हे आदेश हमखास निघतात. कोयत्याच्या जोरावर दहशत माजवण्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, त्यामुळे तपासणीत कोयता दिसला की प्रश्न विचारले जाणारच. पातं म्यानात, म्यान गोणपाटात गुंडाळलेलं, आणि ते सामानाच्या तळाशी. विमानात फक्त चेक-इन सामानात.

आता जंगल. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकूसुद्धा शस्त्रच आहे. सह्याद्रीतले आपले नेहमीचे किती तरी ट्रेक अभयारण्यातच येतात: कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी. चांदोली तर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोयता नेऊच नका. राखीव वनात झाड तोडणं आणि आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे. तिथे गॅसचा छोटा स्टोव्ह न्या आणि पातं घरी ठेवा.

मग हे पातं वापरायचं कुठे? खाजगी शेतावर, मालकाच्या परवानगीने, वाळलेल्या आणि पडलेल्या लाकडावर. सोबत एवढं असू द्या:

- ओळखपत्र
- पात्याच्या खरेदीची पावती (लोहाराकडून घेतलं तर साध्या कागदावर तारीख, वर्णन आणि सही)
- जागामालकाचा परवानगीचा मेसेज, त्यात गाव आणि तारीख
- वनविभागाच्या हद्दीला लागून जागा असेल तर स्थानिक वनरक्षकाशी आधीच बोलून घ्या. हद्दीचे दगड कुठे आहेत ते तोच दाखवतो.

३. पात्याचा घाट ओळखा

ज्या त्या मुलखातल्या लाकडाने आपापलं पातं घडवलं आहे. नेपाळची कुकरी पुढे जड आणि वाकलेली, कारण घाव पुढच्या वजनाने बसतो. तिच्या म्यानात कर्द आणि चकमक ही दोन छोटी पातीही असतात, एक बारीक कामाला आणि दुसरं धार सरळ करायला. मलेशिया-बोर्निओचा पारंग आणि फिलिपिन्सचा बोलो हे त्या दाट, ओल्या रानाचे. लॅटिन अमेरिकेची मॅचेटी लांब आणि पातळ, साधारण दोन मिलिमीटरची. गवत-वेली सपासप कापायला उत्तम, पण आपल्या वाळक्या बाभळीवर ती थरथरते आणि मनगटाला झिणझिण्या आणते.

आपल्याकडचा कोयता एकच नाही, आणि नवखे इथे हमखास फसतात. बाजारात ‘कोयता द्या’ म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा ऊसतोडीचा कोयता हातात ठेवतो. तो हलका आणि पातळ असतो. त्याच्यावर मराठवाड्यातली लाखो माणसं पोट भरतात, इतकं की नवरा-बायकोच्या तोडणीच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. पण तो उसासाठी आहे. जाड वाळक्या लाकडावर मारला की धार दुमडते. तुम्हाला हवा तो लाकूडतोडीचा, जाड पाठीचा कोयता. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत आणि कवळ (पानांसकट फांद्या) तोडायला जी पुढे वाकलेली कोयती वापरतात, तीही चांगली. तिच्या वाकड्या टोकाने फांदी ओढून धरता येते आणि काटेरी जाळीत हात घालावा लागत नाही.

मात्र टोक फार वाकडं असेल तर लाकूड उभं फोडताना ते अडकतं. उभं फोडणं हे तुमचं मुख्य काम असेल तर टोकाला किंचितच बाक असलेलं, जवळजवळ सरळ पातं घ्या. माझा सध्याचा कोयता असाच आहे.

सरळ, जाड सुरा कधी घ्यावा? बारीक आणि जाड दोन्ही कामं एकाच पात्याने करायची असतील तर. तोडायला तो कोयत्याहून कमी पडतो, कारण वजन मुठीजवळ राहतं. कुऱ्हाडीबद्दल एवढंच: नुसतं सरपण फोडायचं असेल तर लहान कुऱ्हाडच सर्वात सुरक्षित आणि जलद. बांबू आणि जाळी असेल तर ती निरुपयोगी.

४. पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी

पोलादाचं नाव वाचून लोक पातं घेतात. नावापेक्षा ‘पाणी’ महत्त्वाचं, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा.

ऑनलाइन वर्णनात आकडे दिसतात, त्यांचा अर्थ थोडक्यात असा. १०९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बनचं साधं पोलाद. धार छान घेतं, पण गंजतं. ५१६० म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास. चिवट असतं, मार सोसतं, मोठ्या पात्याला माझी पहिली पसंती तीच. डी२ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. धार खूप टिकते, पण गाठीवर आदळलं की धारेला खांडे पडतात. ४२० हे मऊ स्टेनलेस, स्वस्त सुऱ्यांत हमखास सापडतं. गंजत नाही आणि धारही धरत नाही. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलं असेल आणि प्रकार दिला नसेल तर ती वस्तू सोडून द्या. कडकपणाचा आकडा दिला असेल तर तोडणीच्या पात्याला ५४ ते ५७ रॉकवेल योग्य. ६० च्या पुढचं पातं स्वयंपाकघरात शोभतं.

आपले लोहार बहुतेक वेळा गाडीच्या जुन्या पाट्यापासून कोयता करतात. तेही स्प्रिंगचंच पोलाद. मी माझा कोयता आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या एका घिसाडी मामांकडून घडवून घेतला. ते काम डोळ्यांनी पाहिल्यावर मला जे समजलं ते कुठल्याही जाहिरातीत नव्हतं.

मामांनी पातं घडवून झाल्यावर ते पुन्हा लाल केलं आणि एक चुंबक दोरीला बांधून जवळ नेला. चुंबक चिकटेना, तेव्हा म्हणाले, “आता झालं.” मग फक्त धारेची बाजू, बोटभर रुंद, जळक्या ऑइलमध्ये धरली. पाठ अजून लालसर होती. लगेच बाहेर काढून धारेजवळ दगडाने घासून एक पट्टी चकचकीत केली आणि आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत बसलो. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे उतरू लागली, तसे रंग आले. आधी फिकट पिवळा, मग गव्हासारखा, मग तांबूस. तांबड्यात जांभळी झाक आली रे आली, त्यांनी अख्खं पातं तेलात बुडवलं. “निळा होऊ दिला असता तर वाकला असता पण धार बसली नसती. पिवळ्यावर थांबलो असतो तर बाभळीच्या गाठीवर तुकडा उडाला असता.” धार कडक, पाठ चिवट, हे त्या दोन मिनिटांत ठरलं.

म्हणून लोहाराकडे जाल तेव्हा ‘कोयता द्या’ एवढंच म्हणू नका. ‘वाळकं लाकूड तोडायचंय, फोडायचंय’ असं काम सांगा. पाणी कामाप्रमाणे देतात. आणि पाटा जुना असेल तर घडवण्याआधी तो टांगून हातोडीने वाजवायला सांगा. स्वच्छ टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते.

५. मूठ

माझ्या पहिल्या सुऱ्याने जे दाखवलं तेच पुन्हा सांगतो: पात्याची शेपटी मुठीत कुठवर गेली आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सुऱ्यात पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग हवं आणि मुठीच्या दोन फाका त्याला रिबिटांनी जोडलेल्या हव्यात. कोयत्याची शेपटी निमुळती असते. ती लाकडी मुठीतून आरपार जाऊन मागे वाकवलेली हवी, आणि पुढच्या तोंडाला लोखंडी साम (मुठीवरचं कडं) घट्ट बसलेली हवी. पोकळ मूठ कितीही आकर्षक दिसली तरी नको.

मूठ गोल नको, लांबट-चपटी हवी. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे हे हाताला कळत नाही. डोळे मिटून पातं हातात घ्या. धार कुठल्या दिशेला आहे हे न बघता सांगता आलं तर मूठ बरोबर. टोकाला बोंड हवं, म्हणजे घामेजल्या हातातून सटकत नाही. बाभळीची मूठ मला सगळ्यात आवडते. वॉर्निश असेल तर पॉलिशपेपरने काढून टाका आणि जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवा. वॉर्निशने फोड येतात.

६. मापं

माझी मापं: पातं ८ ते ९ इंच, पाठ ४ ते ५ मिलिमीटर, मूठ ५ इंच, सगळं मिळून ५०० ते ६५० ग्रॅम. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ मध्ये स्वीकारलेल्या का-बार सुऱ्याचं पातं सात इंचांचंच होतं. मोठं म्हणजे चांगलं, हा समज सोडा. ९०० ग्रॅमचा कोयता दुकानात छान वाटतो, वीस मिनिटांनी कोपर बोलायला लागतं.

७. घेताना तपासणी

१) डोळ्यासमोर धरून पाठीकडून पाहा. पातं वाकडं असेल तर नको.
२) धारेवर कानस हलकेच फिरवा, मालकाला विचारून. काचेवर फिरवल्यासारखी घसरली तर पाणी फार कडक. लोण्यासारखी खात गेली तर पाणी दिलेलंच नाही. थोडं अडखळत चावली तर बरोबर.
३) मूठ घट्ट धरून पाठीवर दुसऱ्या हाताची थाप मारा. हाताला किंचितही खडखड जाणवली तर परत करा.
४) वाळक्या बांबूच्या पेरावर दहा घाव घालून धार उजेडात बघा. चकाकणारा ठिपका म्हणजे धार दुमडली, बारीक अर्धचंद्र म्हणजे तुकडा उडाला. लोहार ही चाचणी आनंदाने करू देतो, त्याला आपल्या मालाची खात्री असते.

ऑनलाइन घेताना हे काहीच करता येत नाही. मुठीच्या आतला फोटो, पोलादाचा प्रकार आणि परत करण्याची मुदत, तिन्ही असतील तरच मागवा. पाठीवर करवतीचे दात असलेला सुरा घेऊ नका. त्या दातांनी लाकूड नीट कापलं जात नाही, आणि पाठीवर दांडक्याने ठोकायची वेळ आली की ते दांडकंच खातात.

८. म्यान

लोहाराचा कोयता म्यानाशिवाय मिळतो. चांभाराकडून जाड चामड्याचं करून घ्या, शिवणीच्या आत चामड्याची आणखी एक पट्टी घालायला सांगा, नाहीतर धार शिवण कापत बाहेर येते. तळकोकणात कमरेला लाकडाची आकडी बांधून तिच्यात कोयती अडकवतात. बागेत काम करणाऱ्यांना ती सवयीची असते, नवख्याने मात्र उघडी धार कमरेला घेऊन उतारावर चालू नये.

९. पहिले घाव

लागणारं सामान: जाड बूट, चामडी हातमोजा (न तोडणाऱ्या हातात), कानस, दोन बाजूंचा धारेचा दगड, खोबरेल तेल, जखमेसाठी निर्जंतुक गॉज आणि रुंद बँडेज.

हात लांब करून पातं धरा आणि स्वतःभोवती एक फेरी घ्या, वरही बघा. त्या वर्तुळात माणूस, मूल, कुत्रा, वेल, तंबूची दोरी काही नको. लाकूड जमिनीवर ठेवून तोडू नका, खाली आडवा ओंडका घ्या, नाहीतर धार दगडावर जाते. जमिनीवरचं काम गुडघे टेकून करा. उभ्याने घाव हुकला तर पातं नडगीवर येतं, गुडघे टेकलेले असले तर मातीत जातं. घाव काटकोनात घालू नका. एकदा डावीकडून तिरका, एकदा उजवीकडून, म्हणजे ढलपी सुटते.

उभं फोडताना पातं लाकडाच्या माथ्यावर ठेवून पाठीवर लाकडी दांडक्याने ठोका. हातोडी कधीही नको. लाकडाची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा दोन-तीन इंच कमी हवी, म्हणजे टोक बाहेर राहतं आणि त्यावर ठोकता येतं. मधे गाठ दिसली तर ते लाकूड बाजूला ठेवा, दुसरं घ्या.

हात थकले, अंधार पडला किंवा पाऊस आला की पातं म्यानात. कापलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा, मधे उघडून बघू नका. रक्त थांबत नसेल तर दाबून धरूनच दवाखाना गाठा.

१०. धार आणि पावसाळा

नव्या कोयत्याची धार बहुतेक वेळा जाड असते. कानशीने दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, मग ओल्या दगडावर पाजवा. वस्तऱ्यासारखी धार करू नका, लाकडावर ती पहिल्याच घावाला जाते. कागद कापला गेला की पुरे. इलेक्ट्रिक ग्राइंडरवर पातं धरू नका. धार निळी पडली की मामांनी दिलेलं पाणी उतरलं, आणि पुन्हा भट्टीत घालावं लागतं.

कामानंतर चीक आणि ओल पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि गंज आतून चढतो. तेल लावून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वरून सुती फडकं, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवा. म्यान वेगळं टांगा. दिवाळीला बाहेर काढाल तेव्हा आधी मूठ हलवून बघा. पावसात फुगलेलं लाकूड सुकल्यावर साम सैल होते. सैल वाटली तर बाभळीची एक पातळ पाचर ठोकून घ्या आणि मगच मळ्यावर न्या.